ऋतिकाचं घोड्याचं काळीज

ऋतिका घाडी विमान चालवायची आणि पळायची. यातलं विमान चालवणं घरच्यांच्या पचनी पडलं होतं. पळणं मात्र काही केल्या पडत नव्हतं.

वडील मारुतीराव जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. तीही बेळगावहून जांबोटीच्या डोंगराकडे जाणारी बस. पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढचा रस्ता अंदाजानं ओळखायचा आणि मागचे प्रवासी आवाजावरून. त्यामुळे मुलगी वैमानिक झाली याचं त्यांना फार नवल वाटलं नाही. "आमच्याच लायनीत आली," असं ते खडेबाजारात भेटेल त्याला सांगायचे. "आमची गाडी खड्ड्यातनं जायाची, तिची ढगातनं जाती. बाकी समदं तेच. पॅसेंजर तिथं पण खिडकीसाठीच भांडतंय." पण पळण्याचा विषय निघाला की ते बोलणं बदलायचे. ज्याच्या हाताखाली एवढं मोठं वाहन आहे, त्यानं पायी पळावं, हे त्यांना कुठंतरी वाहनाचा अपमान केल्यासारखं वाटायचं.

ऋतिकाला पळण्याचा नाद लागला तो एका पोटामुळे. ती नवीन असताना एका वयस्कर कॅप्टनच्या शेजारी बसायची. माणूस देवासारखा, पण विमान उतरवताना कंट्रोलचा दांडा मागे ओढायचा असतो आणि या गृहस्थांचा दांडा पोटाला टेकायचा. मग ते मोठा श्वास घेऊन पोट आत ओढायचे, विमान अलगद धावपट्टीवर टेकवायचे आणि मग तो श्वास असा सोडायचे की समोरच्या काचेवर वाफ धरायची. ऋतिकानं हे महिनाभर पाहिलं आणि सुट्टीच्या पहिल्याच दिवशी पळायचे बूट विकत घेतले.

पुढं ती लांब लांब पल्ल्याच्या शर्यती पळायला लागली. आता इतर लोक पहाटे उठून पळतात; ऋतिकाची पहाट रोज वेगळ्या वेळी उजाडायची. कधी गुवाहाटीत भर दुपारी, कधी कोचीत संध्याकाळी. बाहेर रस्ता धड नसेल तर ती हॉटेलच्या जिन्यावर पळायची. जयपूरच्या एका हॉटेलात ती तळमजल्यापासून गच्चीपर्यंत वर-खाली करत असताना पहारेकरी तिच्या मागे मागे दोन मजले चढून आला आणि धापा टाकत म्हणाला, "मॅडम, लिफ्ट चालू आहे." पुढच्या फेरीला त्यानं तिला लिफ्टचं बटण दाबून दाखवलं. त्याच्या पुढच्या फेरीला त्यानं मॅनेजरला बोलावलं.

खाण्याचंही तसंच. विमानातलं जेवण खाऊन पळता येत नाही, म्हणून ती डबा न्यायची. त्यात नाचणीची भाकरी आणि आईनं दिलेली शेंगाचटणी. एकदा डबा उघडला तेव्हा लसणाचा वास कॉकपिटच्या दारातून मागे गेला आणि पहिल्या रांगेतल्या तीन प्रवाशांनी हवाई सुंदरीला विचारलं, "हे जे काय आहे ते आम्हाला मिळेल का?"

अशी वर्षं गेली. पाय सडपातळ झाले, झोप गाढ झाली आणि छातीतलं हृदय इतकं निवांत झालं की एरवी माणसांचं जिथं मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके देतं, तिथं हिचं बेचाळीसवर समाधान मानू लागलं. ऋतिकाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. वाटलं ते वैमानिकांच्या वार्षिक तपासणीत, बेंगळुरूच्या डॉक्टरांना.

त्यांनी हृदयाच्या आलेखाचा कागद सुलटा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला.

"चक्कर येते?"

"नाही."

"डोळ्यापुढं अंधारी?"

"नाही. मी पळते, डॉक्टर."

"कोणापासून?"

तिनं सगळं समजावून सांगितल्यावर ते हसले. म्हणाले, "मला वाटतं सगळं उत्तम आहे. पण नुसतं मला वाटून भागत नाही. ट्रेडमिलवरची चाचणी करून आणा. तोवर विमान बंद."

ही चाचणी बेंगळुरूतही झाली असती. पण ऋतिकानं विचार केला, आयती सुट्टी मिळालीच आहे तर बेळगावला जाऊ, तिथं हृदयाचे डॉक्टर श्रीपाद कुलकर्णी ओळखीचे आहेत, चार दिवस आईच्या हातचं खाऊ. आणि इथंच ती चुकली.

घरी पोचली की ऋतिकाची भाषा आपोआप बदलायची. 'मी येते' चं 'मी येतो' व्हायचं. पिशवी ठेवता ठेवता ती आईला म्हणाली, "चार दिवस हाय मी. शुक्रवारी जरा तपासणीला जाऊन येतो."

"कसली गं तपासणी?" आई नागुबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

"काय न्हाय. हृदयाचे ठोके जरा सावकाश पडतात, एवढंच."

'एवढंच' हा शब्द नागुबाईंपर्यंत पोचला नाही. त्यांनी लेकीचं मनगट धरलं आणि डोळे मिटले. एक ठोका पडला. त्या थांबल्या. दुसरा पडायच्या आत त्यांनी कुलदैवत आठवलं, ग्रामदैवत आठवलं आणि गुंजीच्या माहेरच्या देवाला नारळ बोलून झाला. मग त्यांनी हाक मारली, "अवो, इकडं या! पोरीचं बंद पडत आलंय!"

मारुतीराव आले. त्यांनीही मनगट धरलं आणि बसच्या बॉनेटला कान लावावा तशी मान वाकडी केली. "इंजिनचा स्लो लई कमी ठेवलाय," ते गंभीरपणे म्हणाले. "असा स्लो ठेवला की गाडी सिग्नलला बंद पडती."

"आप्पा, मी गाडी न्हाय."

"गाडीला निदान धक्का तरी मारता येतो गं," मारुतीराव म्हणाले.

त्या दिवसापासून ऋतिकाचं पळणं बंद. बूट कपाटात गेले, कपाटाची किल्ली नागुबाईंच्या कमरेला गेली. ऋतिका दुपारी जरा आडवी झाली तर मारुतीराव पावलं न वाजवता येऊन तिच्या नाकाखाली बोट धरायचे. वैमानिकाला झोप मिळेल तिथं घ्यायची सवय; ती गाढ झोपायची. तेवढ्यात कानाशी, "हाय, हाय, चालू हाय," असं कुणीतरी स्वयंपाकघराला ओरडून सांगायचं आणि ती दचकून उठायची.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ नागेंद्र आला. तो खानापूरला जनावरांचा डॉक्टर. म्हशीच्या पोटावर लावायचा तो लांब नळ्यांचा स्टेथोस्कोप गळ्यात घालूनच आला होता. नागुबाईंच्या आग्रहाखातर त्यानं तो ऋतिकाच्या पाठीला लावला.

"काकू, मला माणसातलं कळत न्हाय," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग जनावरातलं सांग की."

नागेंद्रनं पुन्हा ऐकलं. "जनावरातलं सांगायचं तर, बैलाचं ह्याच्यापेक्षा जास्त असतं. घोड्याचं मात्र असंच असतं. घोडं असतं तर मी म्हटलं असतं, एक नंबर काळीज हाय."

नागेंद्र चहा पिऊन गेला. वाक्य मात्र मागे राहिलं आणि मग तेही निघालं. नागुबाईंनी गुंजीला भावाला फोन केला तेव्हा ते असं झालं, की ऋतिकाचं काळीज घोड्यासारखं आहे. गुंजीहून ते निपाणीला मारुतीरावांच्या बहिणीकडे, अक्काताईंकडे पोचेपर्यंत ऋतिकाला घोड्याचं काळीज आहे, असं झालं. आणि संध्याकाळी अक्काताईंचा फोन आला तो थेट रडतच.

"मारुती, पोरीला बेंगळुरात घोड्याचं काळीज बसवलं आणि मला सांगितलं पण न्हाईस रं?"

मारुतीरावांनी परोपरीनं समजावलं. अक्काताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग घोड्याचं काय केलं?"

अक्काताई दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं दाखल झाल्या. येताना मिरी-सुंठीच्या काढ्याचं सामान आणि एक स्थळ घेऊन आल्या. मुलाचं नाव धवल, पुण्याला इंजिनिअर, घर निपाणीजवळ.

"मी त्यांच्यापासून काय लपवलं न्हाय," त्या म्हणाल्या. "काळजाचं सांगून टाकलं."

"मग?" ऋतिकानं विचारलं.

"मग काय! पोराच्या बापाकडं शर्यतीची दोन घोडी हाईत. ऐकून म्हातारा लई खूश झाला. म्हणाला, दात बघायला कधी येऊ?"

ऋतिकानं उशीत तोंड खुपसलं. हसतेय की रडतेय ते कळेना, म्हणून अक्काताईंनी पटकन तिचं मनगट धरलं. स्थळाचं नाव काढल्यावर तरी ठोके वाढतील अशी त्यांची अटकळ होती. ठोके होते तिथंच.

"हिला पोरगं पसंत न्हाय," अक्काताईंनी निदान केलं.

काढ्यानं ऋतिकाला फक्त घाम आला. तेव्हा मारुतीरावांच्या डोक्यातून नवी युक्ती निघाली. माणूस घाबरलं की काळीज धडधडतं. तर पोरीला अधूनमधून घाबरवायचं. त्यांनी स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं पातेलं उचललं, मांजराच्या पावलानं ऋतिकाच्या मागे गेले आणि ते फरशीवर आपटलं. आवाज असा झाला की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. नागुबाई "आई गं!" म्हणून भिंतीला टेकल्या. अक्काताईंच्या हातातली बशी फुटली.

ऋतिकानं पुस्तकाचं पान उलटलं. "आप्पा, पातेलं पडलं तुमचं."

तिचाही इलाज नव्हता. वैमानिकांना दर काही महिन्यांनी एका खोट्या विमानात बसवतात आणि एकेक संकट अंगावर सोडतात. एक इंजिन बंद, मग दुसऱ्याला आग, मग घंटा, मग लाल दिवे. त्यात ज्याचा हात थरथरला त्याला पुन्हा बसवतात. वर्षानुवर्षं असं केलेल्या बाईला पातेल्यानं काय होणार? पण मारुतीरावांनी चिकाटी सोडली नाही. त्यांनी दारामागून "भॉक" करून पाहिलं, अंगावर खोटी पाल टाकून पाहिली, आणि एकदा तर ते घोंगडी पांघरून मोरीतून बाहेर आले. त्या घोंगडीला पाहून अक्काताईंनी मात्र उरलेला काढा स्वतःच पिऊन टाकला.

गुरुवारी सकाळी ऋतिकाचा जीव पळण्यावाचून अगदी कासावीस झाला. महिन्याभरात मंगळुरूची मोठी शर्यत होती आणि पायांना नुसत्या मुंग्या येत होत्या. तिनं आईच्या अंघोळीची वेळ साधून किल्ली लांबवली, बूट काढले आणि "खडेबाजारात जाऊन येतो गं" असं मोरीच्या दाराला सांगून घराबाहेर पडली. पण खडेबाजार राहिला एकीकडे आणि ही पिरनवाडी ओलांडून जांबोटीच्या रस्त्याला लागली.

रस्ता गार, दोन्ही बाजूला भाताची हिरवी खाचरं. तिला वाटलं, आता कुठं माणसात आलो. पण त्या रस्त्यावर कारणाशिवाय कुणी पळत नाही. पहिला टेंपोवाला थांबला, "बसा की, बस चुकली व्हय?" दुसऱ्यानं विचारलं, "कोण मागं लागलंय काय?" एक म्हातारी काठी उगारून तिच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत उभीच राहिली, येऊ दे आता कोण येतोय तो, अशा आवेशात. ऋतिका सगळ्यांना हात करत पुढं गेली.

किणये गावाच्या अलीकडे मागून ओळखीचा हॉर्न वाजला. मारुतीरावांची स्कूटर, मागे नागुबाई, डोक्याचे केस अजून ओले.

"थांब गं माझी बाई!" नागुबाई ओरडल्या. "मधीच बंद पडलं म्हंजे?"

"बंद पडत न्हाय आई. पळालो म्हणूनच ते असं झालंय. जोरकस झालंय, म्हणून कमी वेळा पडतं."

"कमी काम करणारं जोरकस कसं असंल? मला शिकवतीस?"

स्कूटर बाजूनं चालली होती आणि मायलेकींचं भांडण रंगात आलं होतं. ऋतिका पळता पळता शांतपणे एकेक मुद्दा मांडत होती. नागुबाई बसल्या जागी धापा टाकत होत्या. थोड्या वेळानं त्यांच्याच ते ध्यानात आलं.

"अवो," त्या नवऱ्याच्या पाठीला म्हणाल्या, "ही पळतीया आणि दम मला का लागलाय?"

मारुतीराव उत्तर देणार, तोच स्कूटरनं दोन उचक्या दिल्या आणि ती चढावर मधोमध थांबली. पेट्रोल संपलं होतं. ज्या रस्त्यावर तीस वर्षं एकदाही बस बंद पडू दिली नाही, त्याच रस्त्यावर ही पाळी! मारुतीराव इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "काटा बिघडलाय."

पेट्रोल पंप चढाच्या पलीकडे होता. नागुबाईंचे गुडघे दुखरे, त्या उतरायला तयार नव्हत्या. मारुतीरावांनी हँडल सोडायला नकार दिला; गाडी त्यांची होती. शेवटी ऋतिका मागे गेली, दोन्ही हात लावले आणि आईबापांसकट स्कूटर ढकलत चढावर पळू लागली. किणयेच्या बस स्टँडवरच्या टपरीतली माणसं चहाचे कप घेऊन बाहेर आली.

"घोड्याचं काळीज म्हणत्यात ती हीच की रं!" कुणीतरी म्हणालं.

निपाणीची बातमी तिच्या आधी किणयेला पोचली होती. दोघंतिघं टाळ्या वाजवू लागले. मारुतीरावांनी हँडलवरचा एक हात काढून लोकांना नमस्कार केला.

पंपावर पोचल्याबरोबर नागुबाईंनी लेकीचं मनगट धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "पडायलंय! अवो, भराभरा पडायलंय बघा!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पेट्रोल भरणाऱ्यालासुद्धा मनगट दाखवलं. पण स्कूटरची टाकी भरून होईस्तोवर ठोके पुन्हा मूळपदावर आले. "परत बसलं गं," त्या हिरमुसून म्हणाल्या. तरी त्या दिवशी त्यांनी बूट कपाटात ठेवले, पण किल्ली लावली नाही.

शुक्रवारी डॉक्टर श्रीपादांच्या दवाखान्यात चाचणीच्या खोलीत एकाच नातेवाइकाला परवानगी होती. तिघंही आत गेले. सौरव नावाचा तंत्रज्ञ होता; त्यानं ऋतिकाच्या छातीला वायरी लावल्या आणि ट्रेडमिलचा पट्टा सुरू केला. सुरुवातीला पट्टा अगदीच हळू फिरतो.

"ही चालतीया का वरात निघालीया?" अक्काताई म्हणाल्या.

थोड्या थोड्या वेळानं पट्टा वेग घेतो आणि पुढून उचललाही जातो. "चढ लागला!" मारुतीराव पुढं सरसावले. "गिअर खाली घे, गिअर खाली!" नागुबाई पदरानं स्वतःला वारा घालत होत्या.

बहुतेक माणसं तिसऱ्या टप्प्यापर्यंत हात वर करतात. ऋतिकाचा तिसरा टप्पा गेला, चौथाही गेला. चार दिवस दाबून ठेवलेलं सगळं पळणं तिनं त्या पट्ट्यावर काढलं. डॉक्टर पडद्याकडे बघत होते, मग खुर्ची ओढून बसले, मग त्यांनी चहा मागवला. आलेखाचा कागद यंत्रातून लांबत लांबत जमिनीवर आला आणि अक्काताईंनी पायाखाली येऊ नये म्हणून त्याची नीट घडी घालायला घेतली. शेवटी ठोके हव्या त्या आकड्याला पोचले तेव्हा सौरव कळवळून म्हणाला, "साकू री मॅडम, साकू! बास करा, पट्टा तापलाय!"

"आणखी थोडं चालंल काय?" ऋतिकानं विचारलं.

"नको," डॉक्टर म्हणाले. "मला इतर पेशंटही आहेत."

ती खुर्चीवर बसली आणि ठोके झरझर खाली आले. डॉक्टरांनी नागुबाईंना समोर बसवून सांगितलं, की एवढं पळून पळून हृदय बळकट होतं, एका दणक्यात भरपूर रक्त ढकलतं, म्हणून त्याला उगाच घाई करावी लागत नाही.

"म्हंजे कामचुकार न्हाय?"

"अजिबात नाही. ठणठणीत आहे. तुमचं काय म्हणतंय पण? तुम्ही नुसत्या बघत होता आणि घामानं भिजलाय."

त्यांनी नागुबाईंचा रक्तदाब तपासला आणि भुवया वर गेल्या. मग मारुतीरावांना पट्ट्यावर उभं केलं. त्यांनी आधी "ब्रेक कुठं हाय?" ते विचारून घेतलं आणि पट्टा हलताच तो लावला. अक्काताई तोवर दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांना आत आणायला सौरवला जावं लागलं. तिघांनाही एकच औषध मिळालं, ते म्हणजे रोज सकाळी भरभर चालायचं.

ऋतिका पुढच्याच आठवड्यात पुन्हा विमानात बसली. मंगळुरूची शर्यतही पळाली. पहिली-दुसरी काही आली नाही, पण शेवटपर्यंत हसत पळाली. निपाणीच्या धवलनं स्वतः फोन करून तिची माफी मागितली. म्हणाला, वडिलांचं मनावर घेऊ नका, मला घोड्यांची लहानपणापासून भीती वाटते. पुढं त्या स्थळाचं काही झालं नाही.

घरच्या तिघांना तिनं पळायचे बूट पाठवले. मारुतीराव आपले घालून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चकरा मारतात आणि पुढं कुणी हळू चालत असलं की तोंडानं हॉर्न वाजवतात. अक्काताईंनी आपले खोक्यातून बाहेरच काढले नाहीत. आल्यागेल्याला खोकं उघडून दाखवतात आणि बंद करतात. नागुबाई मात्र रोज घालतात. त्यांची एकच अडचण झाली. वाटेत मारुतीचं देऊळ लागतं, आत जायचं तर बूट काढावे लागतात, आणि काढले की नाड्या बांधायला वाकवत नाही. पहिल्या दिवशी पुजाऱ्यानं बांधून दिल्या. दुसऱ्या दिवशी तो गाभाऱ्यातून बाहेरच आला नाही. आता त्या देवाला रस्त्यावरनंच हात जोडतात, "मागं फिरताना येतो रं," म्हणतात आणि घरी दुसऱ्या रस्त्यानं जातात.